सुरुवातीचे सोव्हिएत नाट्यपट : दुःख नटाच्या चेहऱ्यावर की संकलकाच्या कात्रीत?

अबोली

व्सेवोलोद पुदोवकिन यांचा १९२६ सालचा 'आई' हा मूकपट गेल्या आठवड्यात मी दुसऱ्यांदा पाहिला आणि पहिल्या वेळी निसटलेल्या एका प्रसंगाने मला अक्षरशः जागेवर खिळवून ठेवले. संपाच्या झटापटीत नवऱ्याचा मृत्यू झालेला आहे, त्याचे प्रेत घरात ठेवलेले आहे आणि त्याची बायको नीलोव्हना, म्हणजे चित्रपटातली आई, त्याच्या उशाशी बसलेली आहे. ती रडत नाही, छाती पिटत नाही, पदराने डोळेही टिपत नाही. मध्येच पडद्यावर पाण्याचे थेंब येतात, एका भांड्यात संथपणे टपटपणारे, आणि पुन्हा ती दिसते. मूकपटात आवाज नसतो हे ठाऊक असूनही त्या थेंबांचा आवाज मला ऐकू आला, असे मी शपथेवर सांगेन.

सोव्हिएत मूकपटांविषयी आपल्याकडे जे काही लिहिले-बोलले जाते, ते बहुतेक वेळा आयझेनस्टाइन यांच्या 'पोटेमकिन' या चित्रपटातील ओदेसाच्या पायऱ्यांवरील कत्तलीच्या दृश्यापाशी सुरू होऊन तेथेच संपते. बाबागाडी, फुटलेला चष्मा, उठून बसणारे दगडी सिंह यांचे मोल मी नाकारत नाही. परंतु त्या काळात घर, नवरा, सून, भाडोत्री, शेजारी अशा साध्या माणसांच्या गोष्टी सांगणारे नाट्यपटही मोठ्या संख्येने निघाले आणि त्यांच्या दिग्दर्शकांच्या शैली एकमेकींपासून पुष्कळ वेगळ्या होत्या. त्यांच्याविषयी येथे बोलावे, अशी इच्छा आहे.

माझा प्रश्न असा आहे. या चित्रपटांमध्ये भावना नेमकी कोठे असते? 'आई'मध्ये तुरुंगातील पावेलला, म्हणजे नीलोव्हनाच्या मुलाला, सुटकेची चिठ्ठी मिळते, तेव्हाचा त्याचा आनंद आपण चेहऱ्यावर दाखवला नाही, असे पुदोवकिन यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. त्यांनी हातांची चुळबुळ आणि ओठांच्या कडेचे हसू दाखवले आणि त्याला वसंतातला भरून वाहणारा ओढा, पाण्यावर नाचणारे ऊन, डबक्यात पंख फडफडवणारे पक्षी आणि एक हसरे मूल यांची दृश्ये जोडली. मग तो आनंद नटाचा म्हणावा की संकलकाचा? आणि तो संकलकाचा असेल, तर आईचे काम करणाऱ्या बारानोवस्काया बाईंच्या जागी दुसरी कोणीही बसली असती तरी चालले असते काय?

जुनी रीळ

अबोलीताई, धागा उत्तम आहे. तुमच्या प्रश्नाचे मूळ एका टंचाईत आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

१९१९ च्या ऑगस्टमध्ये लेनिन यांच्या सहीने रशियातील चित्रपट उद्योगाचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्याच वर्षी मॉस्कोत चित्रपटाचे शिक्षण देणारी शासकीय शाळा निघाली. पण यादवी युद्धामुळे कच्ची फिल्मच मिळेनाशी झाली होती. लेव्ह कुलेशोव्ह यांच्या वर्गातील मुले तेव्हा फिल्मशिवाय चित्रपट 'बसवीत' असत, म्हणजे छोटे-छोटे तुकडे रंगमंचावर करून दाखवीत. ज्यांना नवे काही चित्रित करता येत नव्हते, ते जुनेच तुकडे पुन्हा कापून जोडू लागले. अमेरिकी दिग्दर्शक ग्रिफिथ यांच्या 'इनटॉलरन्स' या चित्रपटाचा त्यांच्यावर प्रभाव होताच. रसायनशास्त्राकडून चित्रपटाकडे वळलेले पुदोवकिन तर ही वाट आपल्याला याच चित्रपटाने दाखवली, असे म्हणत.

कुलेशोव्ह यांनी मोझ्झुखिन या नटाच्या निर्विकार चेहऱ्याला सुपाची वाटी, शवपेटीतील बाई आणि खेळणारी मुलगी यांची दृश्ये आळीपाळीने जोडल्यावर प्रेक्षकांनी त्याच्या अभिनयाची वाहवा केली, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पण ती आपल्यापर्यंत मुख्यतः पुदोवकिन यांच्या तोंडून आली आहे. मूळ चित्रफीत उपलब्ध नाही आणि कुलेशोव्ह यांच्या आठवणीतील तपशील थोडे निराळे आहेत. म्हणून तिला प्रयोगशाळेतला पुरावा मानू नये. त्या पिढीने स्वतःला सांगितलेली कुळकथा म्हणून मात्र ती फार मोलाची आहे.

पुढे याच मुद्द्यावर दोन घरे झाली. दृश्यांचे तुकडे विटेवर वीट ठेवावी तसे रचत जायचे आणि त्यातून प्रेक्षकाला एका भावनेपर्यंत हाताला धरून न्यायचे, ही पुदोवकिन यांची रीत. आयझेनस्टाइन यांना विटांची ही कल्पना मुळीच मान्य नव्हती. दोन तुकडे एकमेकांवर आदळले पाहिजेत आणि त्या टकरीतून दोहोंतही नसलेला तिसरा अर्थ निघाला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. आयझेनस्टाइन यांचा चित्रपट म्हणजे आरोळी आणि पुदोवकिन यांचा म्हणजे गाणे, असे फ्रेंच समीक्षक लेऑं मूसिनाक म्हणून गेले आहेत.

आमच्या फिल्म सोसायटीत वकिलातीकडून आलेली सोळा मिलिमीटरची रिळे दाखवली जात. 'आई' संपल्यावर खुर्च्या आवरायला कोणी उठत नसे, एवढे मला पक्के आठवते.

काठावरचा

खुर्च्या आवरायला कोणी उठत नसे हे आमच्याही सोसायटीत होते, फक्त तेथे त्याचे कारण चित्रपट नव्हता. :)

तिसरी घंटा

मी नाटकवाला असल्यामुळे या धाग्यावर नटांची बाजू मांडणे माझे कर्तव्य समजतो.

'दुसरी कोणीही बसली असती तरी चालले असते काय' याचे माझे उत्तर स्पष्टपणे 'नाही' असे आहे, आणि पुदोवकिन यांचेही तेच होते, हे त्यांच्या निवडीवरून दिसते. वेरा बारानोवस्काया आणि पावेलचे काम करणारे निकोलाय बातालोव्ह हे दोघेही स्तानिस्लावस्की यांच्या मॉस्को आर्ट थिएटरच्या परंपरेतून आलेले होते. वाटेल तो चेहरा उचलून त्याला अर्थ चिकटवायचा असता, तर एवढ्या तयारीच्या नटांकडे जाण्याचे कारणच नव्हते. आयझेनस्टाइन मात्र खरोखर तसे करीत. भूमिकेला शोभेल असा चेहरा व बांधा असलेला माणूस ते रस्त्यावरून, कारखान्यातून शोधून आणीत आणि त्याच्याकडून अभिनयाची अपेक्षा ठेवीत नसत. त्यामुळे 'पोटेमकिन'मध्ये नायक असा कोणी नाही आणि प्रेताच्या उशाशी बसून राहावे असे एक घरही नाही.

आता गंमत पाहा. ज्या कुलेशोव्ह यांच्या नावाने संकलनाचा महिमा गायला जातो, त्यांचाच 'कायद्यानुसार' हा १९२६ सालचा चित्रपट जवळजवळ संपूर्णपणे नटांच्या देहावर उभा आहे. जॅक लंडन यांच्या कथेवरून विक्टर श्क्लोव्हस्की यांनी त्याची पटकथा लिहिली. युकॉनच्या बर्फाळ प्रदेशात सोने शोधणाऱ्या पाच जणांची एक झोपडी आहे. त्यांतील एक जण दोघांना गोळ्या घालतो. उरलेले नवरा-बायको त्याला मारू शकत नाहीत आणि सोडूही शकत नाहीत, कारण पुराच्या पाण्याने वाट अडवलेली आहे. मग ते त्याला बांधून ठेवतात, आळीपाळीने पहारा करतात आणि अखेरीस राणी व्हिक्टोरियाच्या तसबिरीखाली रीतसर खटला चालवून त्याला फाशी देतात. खर्च वाचवण्यासाठी चित्रपट मॉस्को नदीच्या काठी, एकाच झोपडीत उरकला होता. अलेक्सांद्रा खोखलोव्हा यांचे ते काटकुळे, ताणलेले शरीर, बंदूक धरून थिजलेले हात आणि विस्फारलेले डोळे पाहिल्यावर भावना कात्रीत असते असे म्हणण्याचे धाडस मला तरी होत नाही.

आडवा प्रश्न

चर्चा रंगात आली असताना विरजण घालतो, क्षमस्व. हे सगळे चित्रपट सरकारी पैशाने, सरकारी हेतूने काढलेले होते. 'पोटेमकिन' तर १९०५ च्या क्रांतीच्या विसाव्या वर्षानिमित्त सरकारनेच मागवलेला होता आणि डिसेंबर १९२५ मध्ये त्याचा पहिला खेळ बोल्शोय नाट्यगृहात झाला. ज्या पायऱ्यांवरील कत्तलीने जग हळहळले, ती तशी तेथे घडलीच नव्हती. ओदेसात १९०५ मध्ये माणसे मारली गेली हे खरे, पण भर उन्हात पायऱ्या उतरणारी ती पांढऱ्या डगल्यांची रांग आयझेनस्टाइन यांची आहे. मग आपण ज्याला शैली म्हणून दाद देतो, ते प्रेक्षकाच्या मनात शिरण्याचे तंत्रच नव्हे काय? थेंबांचा आवाज तुम्हांला ऐकू आला, यात त्या तंत्राचा विजय आहे, ही मला काळजीची गोष्ट वाटते.

अबोली

आडवा प्रश्न, विरजणाशिवाय दही लागत नाही, त्यामुळे क्षमा कशासाठी? तंत्राचा विजय झाला हे मला मान्य आहे. मात्र थेंब पाहताना मला झारविरोधी व्हावेसे वाटले नाही, मला ती बाई एकटी आहे असे वाटले. प्रचाराला जेवढे हवे होते त्याहून बरेच अधिक त्या दृश्यात शिल्लक राहिले आहे आणि मला कुतूहल त्या शिलकीचे आहे.

रानवारा

ही शिल्लक कोठे सर्वांत मोठी आहे असे मला विचाराल, तर मी दोवझेन्को यांच्या १९३० सालच्या 'भूमी'चे नाव घेईन आणि आडवा प्रश्न यांचा आक्षेपही तेथेच सर्वांत धारदार होतो.

चित्रपट युक्रेनमधला आहे. सुरुवातीला वाऱ्यावर लाटांसारखे हलणारे शेत दिसते आणि मग सफरचंदांच्या राशीत एक म्हातारा पडून मरणाची वाट पाहत असतो. कोणी घाबरलेले नाही. जवळ लहान मुले आहेत, तो उठून एक फळ खातो आणि पुन्हा आडवा होऊन मरतो. मरण आणि पिकलेले फळ एकाच चौकटीत इतक्या निवांतपणे ठेवलेले मी अन्यत्र पाहिलेले नाही. पुढे गावात ट्रॅक्टर येतो. त्याच्या रेडिएटरमधले पाणी संपते, तेव्हा शेतकरी ते कसे भरतात हे येथे सभ्य शब्दांत लिहिणे कठीण आहे. त्यानंतर रात्री वासिल हा तरुण चांदण्यात, धुळीच्या रस्त्यावर एकटाच नाचत घरी निघतो. दानिलो देमुत्स्की यांचा कॅमेरा त्याच्याकडे पाहत राहतो, संकलक घाई करीत नाही आणि अचानक तो कोसळतो. गोळी कोणी झाडली ते दिसत नाही, फक्त दूरचा एक घोडा मान वर करतो.

पुदोवकिन विटा रचतात, आयझेनस्टाइन टक्कर घडवतात आणि दोवझेन्को वाट पाहतात, असे मला नेहमी वाटते. दृश्य पिकेपर्यंत ते त्याला हात लावत नाहीत.

आता आक्षेपाकडे वळू. चित्रपट सामूहिक शेतीच्या प्रचारासाठी होता, यात शंका नाही. पण तो प्रदर्शित होताच द्येम्यान बेद्नी या कवीने 'इझ्वेस्तिया' या सरकारी दैनिकात त्याच्यावर कडाडून हल्ला चढवला आणि वासिलच्या वाग्दत्त वधूने विवस्त्र होऊन केलेल्या आक्रोशासारखी काही दृश्ये कापली गेली. ज्यांनी तो मागवला, त्यांनाच तो पुरेसा आपला वाटला नाही. दोनच वर्षांनी, १९३२-३३ मध्ये, त्याच युक्रेनच्या गावांत सक्तीच्या धान्यवसुलीमुळे लाखो माणसे उपाशी मेली. आज तो चित्रपट पाहताना शेवटी सफरचंदांवर पडणारा पाऊस डोळे भरून पाहावा आणि त्याच वेळी घशाशी काहीतरी अडकून राहावे, अशीच त्याची खरी स्थिती आहे. यातील एक बाजू सोडून देऊन तो पाहणे मला जमत नाही.

काठावरचा

दोवझेन्को यांना विनोदाचेही अंग होते, ते आधी व्यंगचित्रकार होते. 'आर्सेनल'मध्ये एक हात गमावलेला शेतकरी हताश होऊन आपल्या मरतुकड्या घोड्याला बडवत असतो, तेव्हा पडद्यावर घोड्याचे उत्तर येते : 'इव्हान, तू भलतीकडेच मारतो आहेस.' मूकपटात माणसे बोलत नाहीत, घोडे बोलतात.

संकलिका

माझा पोटापाण्याचा व्यवसायच संकलनाचा असल्यामुळे वर 'कात्री' हा शब्द आल्यापासून हात शिवशिवत होते. आम्हांला पुण्याच्या संस्थेत शिकत असताना ओदेसाच्या पायऱ्यांचा दृश्यखंड टेबलावर चौकट-चौकट पुढे सरकवत मोजायला लावला होता. तो मोजल्यावर लक्षात येते की पायऱ्या प्रत्यक्षात जेवढ्या वेळात उतरून व्हाव्यात, त्याहून कितीतरी अधिक काळ सैनिक त्या उतरत राहतात. हे मोजून फार शिकायला मिळाले, पण त्या अभ्यासाचा एक तोटाही झाला. संकलन म्हणजे पुष्कळ कापणे, असा आमचा गैरसमज काही वर्षे टिकला.

तो माझ्यापुरता दूर केला पुदोवकिन यांच्याच 'आशियावरील वादळ' या १९२८ सालच्या चित्रपटातल्या एका प्रसंगाने. एका मंगोल शिकाऱ्याला गोळी घालण्यासाठी एका सैनिकावर सोपवलेले आहे. जाताना वाटेत चिखलाचे डबके लागते. कैदी त्यातून सरळ चालत जातो आणि सैनिक मात्र बूट खराब होऊ नयेत म्हणून काठाकाठाने जपून जातो. काम उरकून तो एकटा परत येतो, तेव्हा त्याच डबक्यातून फतक-फतक चालत येतो, त्याला बुटांचे भान उरलेले नाही. या दोन दृश्यांमध्ये बराच अवधी आहे, ती एकमेकांना चिकटवलेली नाहीत. त्यांचा सांधा प्रेक्षकाच्या डोक्यात जुळतो. येथे चेहऱ्याची गरज पडली नाही आणि भराभर कापण्याचीही पडली नाही, पण डबके चुकवताना त्या नटाने टाकलेली पावले अचूक असल्याखेरीज हे साधले नसते. म्हणून तिसरी घंटा यांना माझे अर्धे अनुमोदन.

जाता-जाता एक व्यावहारिक सूचना करते. मूकपट बहुधा सेकंदाला चोवीस चौकटींपेक्षा कमी वेगाने चित्रित होत असत आणि तो वेग ठरलेला नसे. जालावरील अनेक प्रती थेट चोवीसच्या वेगाने चढवलेल्या असतात, त्यामुळे दुःखी माणसेही लगबगीने दुःख करताना दिसतात. कोणाला हे चित्रपट हास्यास्पद वाटले असतील, तर दोष देण्यापूर्वी प्रत बदलून पाहावी.

चाळकरी

सगळे क्रांती आणि मरण यांतच अडकले आहेत, म्हणून जरा घरगुती विषयाकडे वळतो. आब्राम रोम यांचा १९२७ सालचा 'तिसरी मेश्चान्स्काया' कोणी पाहिला आहे काय? हे मॉस्कोतील एका रस्त्याचे नाव आहे आणि परदेशात हा चित्रपट 'पलंग आणि सोफा' या नावाने गेला. त्या काळी मॉस्कोत राहायला जागा मिळणे महाकठीण होते. कोल्या आणि ल्युदमिला या जोडप्याच्या एका खोलीच्या घरात कोल्याचा जुना मित्र व्होलोद्या सोफ्यावर झोपायला येतो. कोल्या कामासाठी परगावी जातो आणि परततो तोपर्यंत पलंग आणि सोफा यांच्यावरील माणसांची अदलाबदल झालेली असते. पुढे तिला दिवस जातात तेव्हा दोन्ही पुरुष एकमताने तिला गर्भपाताला पाठवतात. सोव्हिएत रशियात गर्भपात १९२० पासून कायदेशीर होता. दवाखान्याच्या खिडकीतून तिला खाली बाबागाडीतले मूल दिसते. ती तेथून निघते, चिठ्ठी लिहून ठेवते आणि रेल्वेत बसून दोघांनाही सोडून निघून जाते.

दहा बाय बाराच्या खोलीत वाढलेल्या माणसाला या चित्रपटाचे नेपथ्य समजावून सांगावे लागत नाही. रोम यांची शैली अशी आहे की वस्तूच पात्रे होतात. भिंतीवरचे कॅलेंडर, चहाचे कप, पडदा, मांजर या सगळ्यांची जागा बदलली की नाते बदलल्याचे कळते. कोल्या हा आपला 'आई'तला पावेलच, म्हणजे बातालोव्ह. झेंड्यासाठी जीव देणारा वीर येथे बायकोने आणलेला चहा पीत निवांत बसलेला पाहून मला तर फार बरे वाटले. व्होलोद्याचे काम करणारे फोगेल म्हणजे 'कायद्यानुसार'मधला खुनी.

तिसरी घंटा

चाळकरी, अगदी बरोबर. फोगेल यांनी अवघ्या काही वर्षांत खुनी, प्रियकर आणि पुदोवकिन यांच्या 'बुद्धिबळाचा ज्वर' या विनोदी लघुपटातला खेळवेडा नवरदेव अशी कामे केली आणि १९२९ मध्ये स्वतःचे आयुष्य संपवले. एकच चेहरा तीन दिग्दर्शकांच्या हाती किती वेगळा दिसतो, हे पाहायचे असेल तर त्यांचे चित्रपट ओळीने पाहावेत. कुलेशोव्ह यांच्या प्रयोगाला याहून चांगले उत्तर मला सुचत नाही.

ओवीकार

या धाग्यावर अजून एकाही स्त्री दिग्दर्शकाचे नाव आलेले नाही, म्हणून लिहिते. ओल्गा प्रेओब्राझेन्स्काया यांनी इव्हान प्राव्होव्ह यांच्यासह १९२७ मध्ये 'र्‍याझानच्या बायका' हा चित्रपट केला. नवरा १९१४ च्या लढाईवर गेलेला असताना सासरा सुनेवर बळजबरी करतो, तिला मूल होते, सगळे गाव तिच्याकडेच बोट दाखवते आणि नवरा परत येतो तेव्हा ती नदी जवळ करते. चित्रपटात भराभर कापणे नाही, रूपके नाहीत. लग्नाची तयारी, कापड वाळत घालणे, शेतातले काम हे सर्व इतके शांतपणे चित्रित केले आहे की सासरा पहिल्यांदा तिच्याकडे रोखून पाहतो तेव्हाच पोटात गोळा येतो. जात्यावरच्या ओव्यांमध्ये सासुरवास ऐकलेल्या बायकांना हा चित्रपट परका वाटणार नाही. शैलीचे इतिहास लिहिणाऱ्यांना त्यात काही नवे तंत्र सापडत नाही, म्हणून तो मागे पडतो. मला हा न्याय वाटत नाही.

रानवारा

ओवीकार, धन्यवाद. पाहण्याच्या यादीत सर्वांत वर टाकला.

परतीचा पाऊस

उशिरा आलो आहे. हे सगळे बोलपट येताच का संपले, याविषयी कोणी लिहील काय?

जुनी रीळ

थोडक्यात लिहितो. १९२८ मध्ये आयझेनस्टाइन, पुदोवकिन आणि अलेक्सांद्रोव्ह यांनी मिळून एक निवेदन काढले. आवाज चित्राच्या मागे-मागे चालला, तर चित्रपटाचे पुन्हा नाटक होईल, म्हणून आवाजाने चित्राशी विसंवादी राहावे, असे त्यांचे म्हणणे होते. याचे सुंदर उदाहरण बोरिस बार्नेत यांच्या १९३३ सालच्या 'वेशीबाहेरची वस्ती' या चित्रपटात मिळते. पण तोपर्यंत वारे फिरले होते. १९३४ मध्ये समाजवादी वास्तववाद हे अधिकृत धोरण ठरले, त्याच वर्षी वासिल्येव्ह बंधूंचा 'चापायेव्ह' तुफान चालला आणि सोप्या गोष्टीचा, ठसठशीत नायकाचा चित्रपट हाच आदर्श म्हणून दाखवला जाऊ लागला. ज्यांनी संकलनाला नवा अर्थ दिला, त्यांच्यावर 'रूपवादी', म्हणजे आशयापेक्षा रूपालाच महत्त्व देणारे, असा शिक्का बसला. आयझेनस्टाइन यांचा 'बेझिनचे कुरण' १९३७ मध्ये मधेच थांबवण्यात आला.

हेही सांगितले पाहिजे की सामान्य सोव्हिएत प्रेक्षकाला फेअरबँक्स आणि मेरी पिकफर्ड यांचे अमेरिकी चित्रपट मनापासून आवडत. आपण आज ज्यांची पारायणे करतो, ते तेव्हाही सगळ्यांचे नव्हते.

काठावरचा

आणि ते वासिल्येव्ह बंधू हे बंधू नव्हतेच, आडनाव एक म्हणून भाऊ. आपल्याकडे दुकानांच्या पाट्यांवर असतात तसे.

शब्दवेल्हाळ

मूळ प्रश्नाकडे परत जातो, कारण 'आई' हा चित्रपट जिच्यावरून काढला, ती गोर्की यांची कादंबरी मी अलीकडेच पुन्हा वाचली आहे. तिचा मराठी अनुवाद एके काळी कामगार चळवळीतल्या घराघरांत असे, त्यामुळे अनेकांना कथा पाठ असेल. गंमत अशी की अबोलीताईंनी वर्णन केलेला प्रसंग कादंबरीत नाहीच. तेथे बाप सुरुवातीच्या पानांतच अंतर्गळाने मरतो. पटकथाकार नाथान झारखी यांनी त्याला संपफोड्यांच्या टोळीत घातले, बाप आणि मुलगा यांना समोरासमोर उभे केले आणि त्याचे प्रेत घरात आणून ठेवले. मुलाने फरशीखाली दडवलेली शस्त्रे, तो सुटेल या भाबड्या आशेने आई स्वतःच्या हाताने पोलिसांना काढून देते, या प्रसंगाला त्यामुळे वेगळेच वजन येते. एका माणसाचे प्रेत घरात आहे आणि दुसरा माणूस तिच्याच हातून जाणार आहे. तेथील पोलीस अधिकाऱ्याची भूमिका स्वतः पुदोवकिन यांनी केली आहे. शेवटही बदललेला आहे. कादंबरीतली आई रेल्वे स्थानकावर पत्रके वाटताना पकडली जाते, तर चित्रपटात नदीवरचा बर्फ फुटत असताना मुलगा तिच्या मिठीत मरतो आणि ती झेंडा उचलून घोडदळाला सामोरी जाते.

मला वाटते की भावना चेहऱ्यात की कात्रीत, या वादात एक तिसरा माणूस विसरला जातो, तो म्हणजे छायाचित्रकार. अनातोली गोलोव्न्या यांनी सुरुवातीला नीलोव्हनाचे चित्रण वरून केले आहे, त्यामुळे ती जमिनीला चिकटलेली, खुजी दिसते. शेवटी झेंडा हाती घेतल्यावर कॅमेरा खाली जातो आणि तीच बाई आभाळाएवढी होते. पोलिसालाही त्यांनी खालूनच दाखवले आहे. म्हणजे सत्ता ज्या कोनातून दिसत होती, तो कोन अखेरीस आईच्या वाट्याला येतो.

आडवा प्रश्न

हे मात्र मला ठाऊक नव्हते. प्रचार म्हणायचाच तर फार काळजीपूर्वक केलेला प्रचार आहे, एवढे मान्य करतो. याहून अधिक आज मागू नये.

अबोली

सर्वांचे मनापासून आभार. संकलिकाताईंचा सल्ला मानून मी काल रात्री प्रत बदलून तो प्रसंग पुन्हा पाहिला. आधी पाहिलेली प्रत १९६८ मध्ये मोसफिल्मने संगीत घालून तयार केलेली होती. या वेळी आवाज पूर्ण बंद केला.

थेंबांचा आवाज मला पुन्हा आला. मग केवळ परीक्षा म्हणून थेंबांची दृश्ये आली की मी डोळे मिटून घेतले आणि फक्त बारानोवस्काया बाईंचीच दृश्ये पाहिली. तेव्हा लक्षात आले की त्या अगदी निश्चल बसलेल्या आहेत, मान किंचित कललेली आहे आणि नजर प्रेताकडेही नाही. कान देऊन काहीतरी ऐकणाऱ्या माणसाची ती बैठक आहे. थेंब न पाहताही त्या काहीतरी ऐकत आहेत, हे दिसते.

आता याचे श्रेय कोणाला द्यायचे, यावर तिसरी घंटा आणि संकलिका यांनी आपसांत तोडगा काढावा. मी आज 'र्‍याझानच्या बायका' लावणार आहे. त्यावर निराळा धागा काढला, तर ओवीकार यांनी पहिला प्रतिसाद द्यावा, ही विनंती.